औषध कुणाला, पाणी कुणाला

पाकिटं दोन होती, पांढरी, आणि दोन्हींवर नुसते आकडे होते. डॉक्टरीणबाईंनी ती टेबलावर ठेवली आणि बाहेरून आणखी तीन खुर्च्या मागवल्या. बोलावलं होतं दोन भावांना, आले होते पाच जण.

"बसा ना," त्या दादाला म्हणाल्या.

"मी उभाच बरा," दादा म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी या खोलीत भिंत धरून आलो होतो. आज तीन जिने चढून आलोय. लिफ्टपाशी तुमचा माणूस विचारत होता, आजोबा, हात देऊ का? म्हटलं, मागून आमचे धाकटे बंधू येताहेत, त्यांना दे."

 नाना लिफ्टनेच आला होता. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून तो खुर्चीत बसला होता आणि खालच्या फरशीकडे बघत होता. कोपऱ्यातली एक फरशी शेजारणीपेक्षा जरा वर होती. दादानेही ती पाहिलीच होती. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या दिवशीचं त्यांचं पहिलं एकमत तिथे झालं.

दादा एकसष्टचा, नाना अठ्ठावन्नचा. आप्पांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, हाताखाली दोघेही फरश्या बसवायला शिकले. पुढे चाळीस वर्षं एकाच ओळीच्या दोन टोकांना बसून, गुडघ्यांवर सरकत सरकत ते मध्ये भेटत आले. साहजिकच झिजलेही बरोबरीने. या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू होणार असं दादाच्या मुलीने वाचलं, आणि दोघांना हाताला धरून आणलं. तीही याच धंद्यातली, आणि तिला घरीदारी सगळे गुण्या म्हणत. भिंतीचा काटकोन तपासायच्या पट्टीसारखी ती लहानपणापासून सरळसोट होती.

औषध दुखणं थांबवण्यासाठी नव्हतं. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते, ती झिजत जाते. त्या झिजेला लगाम बसतो का, एवढंच बघायचं होतं. निम्म्या लोकांच्या गुडघ्यात औषध जाणार, निम्म्यांच्या नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही.

घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात दादा जिना उतरून आला आणि म्हणाला, "लागू पडलं." नाना म्हणाला, "मला पाणी टोचताहेत, दुसरं काही नाही." तीन वर्षं दोन्ही घरं याच दोन वाक्यांवर चालली होती.

काकू, म्हणजे नानाची बायको, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिला तो निकाल कागदावर हवा होता. मागच्या आठवड्यात ग्रंथालयाच्या मोठ्या हॉलचं काम मिळालं, घराण्याला मिळालेलं सगळ्यात मोठं काम, आणि दादाने जेवता जेवता सांगून टाकलं की नानाने आता गोदामात बसावं, पेट्या मोजाव्यात. "इंजेक्शन दोघांना सारखंच होतं," दादा म्हणाला होता. "मी उठून उभा राहिलो. हा राहिला नाही. उभारी लागते माणसाला."  पाणी टोचलं होतं हे एकदा लिहून मिळालं की ती सगळ्यांदेखत विचारणार होती, आता सांगा भाऊजी, उभारी कुठून आणायची?

"पाकिटं उघडायच्या आधी फोटो दाखवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पडदे ओढले. भिंतीवरच्या पडद्यावर एक गुडघा उमटला, बाजूने कापल्यासारखा. काकूने आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या या गुडघ्याला तिने किती वेळा तेल लावलं होतं, शेकलं होतं, मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. त्याच्या आत एवढं काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं. दोन गोल हाडं, त्यांच्यामधून एक करडी पट्टी, आणि सगळं इतकं शांत.

"हा नानांचा, पहिल्या दिवशीचा. हा परवाचा. ही करडी पट्टी म्हणजे कूर्चा. आम्ही दोन्ही मोजल्या." त्या जरा थांबल्या. "फरक जवळजवळ नाही."

"म्हणजे बिघडला नाही?" नाना म्हणाला.

"तीन वर्षांपूर्वी होता तसाच आहे."

"पण दुखतो की."

"दुखत असेल. दुखणं फोटोत दिसत नाही. आता हा दादांचा."

पडद्यावर दुसरी जोडी आली. इथे कुणाला समजवावं लागलं नाही. परवाच्या फोटोत आतल्या बाजूची पट्टी एका जागी इतकी बारीक झाली होती की दोन हाडं टेकल्यासारखी दिसत होती.

"किती?" दादाने विचारलं.

"सगळ्यात जास्त झिजलेल्या जागी पाऊण मिलिमीटर गेली आहे."

दुसऱ्या कुणाला पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच वाटलं नसतं. पण त्या खोलीतल्या तिघा फरशीवाल्यांना तो आकडा कळला. दोन फरश्यांमध्ये पाऊण मिलिमीटर वरखाली असलं तर नख अडकतं. फरशी उखडून परत बसवावी लागते.

"फोटो बदलले असतील," दादा म्हणाला. "माझं नाव त्याला लागलं असेल."

"नावं नसतात. आकडे असतात. तीन वेळा तपासले." डॉक्टरीणबाईंनी पहिलं पाकीट फाडलं, आतला कागद दादाला दिला, दुसरा नानाला.

दादाने वाचला. मग चष्मा वर करून परत वाचला. मग पहिल्यांदाच तो खुर्चीत बसला.

"पाणी," तो म्हणाला.

काकूने पर्स सोडून दिली. हा एक शब्द ऐकायला ती आली होती, पण तो भलत्याच तोंडून आला होता. विचारायचे सगळे प्रश्न तिच्याजवळ तयार होते आणि एकही उपयोगाचा नव्हता. तिने नानाच्या हातातला कागद पाहिला. त्यावर औषधाचं लांबलचक नाव होतं आणि पंधरा तारखा. प्रत्येक तारखेला ती बाहेर बाकावर बसून कुरकुरत होती.

"मग मला बरं कुणी केलं?" दादाने विचारलं. आवाज चढा नव्हता. एखादं पोर आईला विचारतं तसं त्याने विचारलं.

"तुम्हाला बरं वाटलं हे खरंच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोटं काही नव्हतं. पाणी मिळालेल्या कितीतरी जणांचं दुखणं कमी झालं, जवळपास औषधवाल्यांइतकंच. का होतं, याचं थोडंफार सांगता येतं. पुरतं नाही. वीस वर्षं हे काम करतेय, अजून दरवेळी थक्क होते."

"पाण्याने मी तीन जिने चढलो?"

"पाण्याने नाही. तुम्हीच चढलात."

"आणि औषधाने गादी वाचली?" गुण्याने विचारलं. ती मागे दाराला टेकून उभी होती.

"एका माणसावरून मी तसं म्हणणार नाही. काहींची औषधाशिवायही टिकते. पण दोनशे बारा जण होते. औषध मिळालेल्यांची गादी सरासरीने कमी झिजली, थोडी, पण कमी. त्यामुळे कदाचित." त्यांनी तो शब्द जपून उच्चारला. "आत्तापर्यंत आमच्या हातात कदाचितसुद्धा नव्हतं. गेली ती गेली, एवढंच सांगत होतो."

 पडद्यावर चारही गुडघे तसेच उजळलेले होते.

*

तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये दोन टेबलं जोडून ते बसले. चहा आला, कुणी घेतला नाही. वहिनी, दादाची बायको, वरच्या खोलीत चकार शब्द बोलली नव्हती. आता तिचा बांध फुटला.

"फसवणूक आहे ही. सरळसरळ. माझ्या माणसाला पाणी टोचलं आणि तो खुशीत दगडं उचलत राहिला."

"सही केली होती मी," दादा म्हणाला. "लिहिलं होतं त्यात."

"अहो, लिहिलेलं असतं सगळंच. तुम्हाला बरं वाटलं नसतं तर तुम्ही जपला असता की गुडघा. नानांसारखं बसून केलं असतं. बरं वाटलं म्हणूनच घात झाला."

हे सगळ्यांच्याच मनात आलं होतं. नानाने भावाकडे पाहिलं. तीन वर्षांत दादाने बसवलेल्या फरश्या त्याला एकेक आठवत होत्या: शाळेचा व्हरांडा, दवाखान्याचे दोन मजले, पोहण्याच्या तलावाचा काठ. सकाळी सगळ्यांच्या आधी खाली बसायचा आणि शीळ घालायचा. इकडे आपण दुखतं म्हणून मागे मागे राहिलो, लाकडी गाडीवर बसून कडेचे तुकडे कापत राहिलो. प्रत्येक कळ आली की वाटायचं, गेला, आणखी थोडा झिजला. आणि आतमध्ये त्या गुडघ्याने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. रोज शिव्या खात तो गुपचूप आपलं राखत बसला होता. नानाने टेबलाखाली हात नेऊन गुडघ्यावर ठेवला. एवढी वर्षं बरोबर काढून आपण याला ओळखतच नव्हतो, असं त्याला वाटलं.

"जाऊबाई," काकू वहिनीला म्हणाली, "माझं एक ऐका."

वहिनीने मान फिरवली. या दोघी वर्षभरात कामापुरत्याच बोलत होत्या.

"मी आज भांडायला आले होते," काकू म्हणाली. "भाऊजींना औषध आणि आमच्या ह्यांना पाणी, असं धरून चालले होते. तुमचा रागच यायचा मला. आता उलटं निघालं तर तुम्ही नेमकं माझंच बोलताय, शब्दही तेच. आपण दोघींनी मिळून तीन वर्षं एकच भांडण भांडलं, नुसत्या बाजू बदलायच्या राहिल्या होत्या."

वहिनीला हसू आवरेना आणि रडूही. तिने पदराने नाक पुसलं आणि गार झालेला चहा काकूच्या पुढ्यातून स्वतःकडे ओढून पिऊन टाकला.

"घात वगैरे काही नाही," दादा म्हणाला. "आप्पा आठवतात का? पन्नाशीनंतर चाकाच्या पाटावर बसून घरभर फिरायचे. मला वाटायचं, साठीला मी पाटावर असणार. एकसष्टला मी शिडीवर होतो. मला ती तीन वर्षं परत नकोत द्यायला." तो थांबला. "आता हा संपला, हे खरं. वाटी बदलायची तर बदलू. बाई म्हणाल्या ना, माझ्यात आता औषधाने वाचवण्यासारखं राहिलं नाही."

"माझं तुला देता आलं असतं तर..." नाना म्हणाला.

"तू तुझं सांभाळ. गोदामात बसू नकोस."

"काय?"

"ऐकलंस ते. हॉलची पहिली ओळ तू धरायचीस."

 पहिली ओळ चुकली की सगळा हॉल चुकतो. ती नेहमी दादाची असे, त्याच्या आधी आप्पांची.

"दुखतोय अजून माझा," नाना म्हणाला.

"दुखू दे. गाडीवर बसून धर. माझा दुखत नव्हता, त्याने काय उजेड पाडला ते बघितलं मी आत्ता."

नानाने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग तो म्हणाला, "धरतो. पण एका अटीवर. बाईंनी शेवटी जे सांगितलं, त्या नव्या चाचणीचं, ते गुण्याला विचार."

गुण्या दचकली.

निघता निघता डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आता औषध आणखी आधी देऊन बघायचं आहे. ज्यांचा गुडघा एकदा दुखावला आहे पण झीज नुकती सुरू होते आहे, अशा पस्तीस-चाळिशीतल्या लोकांना. गादी असतानाच ती राखायची.

"मला काय विचारायचंय?" गुण्या म्हणाली.

"दोन वर्षांपूर्वी तलावाच्या कामावर घसरलीस," नाना म्हणाला. "आठवडाभर लंगडलीस, मग म्हणालीस बरं झालं. बरं झालं नाही. मी मागे बसलेला असतो, मला सगळ्यांच्या पाठी दिसतात. तू उजवा गुडघा टेकतच नाहीस. संध्याकाळी मोज्यातून बर्फ बांधतेस."

"काका, हे इथे काढायची गरज होती?"

"होती."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सदतीस वर्षांची बाई, हाताखाली नऊ माणसं, आणि बापासमोर तिची नजर चहाच्या कपात. बाबांनंतर त्यांची जागा आपली, असं तिने धरलं होतं. गुडघ्याचं कळलं असतं तर गोदामाची गोष्ट तिच्यावरही आली असती. म्हणूनच नानाला पेट्या मोजायला बसवायचं ठरलं तेव्हा ती गप्प राहिली होती. ते तिला आत्ता आठवलं आणि कान तापले.

"मला माफ करा, काका," ती म्हणाली. कशाबद्दल, ते नानाला कळलं. त्याने पुढे विचारलं नाही.

"नको," वहिनी म्हणाली. "एकाला पाणी टोचलं ते पुरे झालं. पोरीच्या धडक्या गुडघ्यात सुया नकोत."

"धडका आहे की नाही, तेच माहीत नाही, आई."

"आणि परत पाणीच आलं तर?" वहिनीने विचारलं.

गुण्याने वडिलांकडे पाहिलं. "आलं तर आलं. कुणाला तरी पाणी मिळालं म्हणूनच काकांचं कळलं ना? बाबांचा फोटो शेजारी नसता तर त्यांच्या फोटोकडे बघून कुणाला काय समजलं असतं?"

हे दादाच्या डोक्यात आलं नव्हतं.  वरच्या खोलीतून निघाल्यापासून त्याच्या मनात एकच शब्द घोळत होता, फुकट. तीन वर्षं, पंधरा सुया, फुकट. आता त्याला दिसलं की आपला गुडघा तिथे उभा होता म्हणून बाकीच्यांचे मोजता आले. असे शंभरएक लोक असतील, कुठे कुठे जिने चढत असतील, आपण बरे झालो म्हणून घरी सांगत असतील.

"जा," तो म्हणाला. "फोटो तर काढून घे. मग बघू."

*

बारा दिवसांनी ते परत त्याच खोलीत होते. दादाने यावेळी लिफ्ट घेतली होती. काकू आणि वहिनी एकाच रिक्षाने आल्या होत्या आणि उशिरा आल्या, कारण वाटेत दोघींना कसलीतरी खरेदी आठवली.

गुण्या अर्धा तास फोटो काढायच्या त्या गडगडणाऱ्या नळीत पडून आली होती. पडल्या पडल्या तिने ग्रंथालयाच्या हॉलच्या ओळी मोजल्या होत्या, दोनशे चाळीसपर्यंत. नानाने परवाच पहिली ओळ धरली होती, गाडीवर बसून, ताणलेल्या दोरीबरहुकूम. दादा बाहेर खुर्ची टाकून बसला होता आणि त्याने एकदाही टोकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पडदे ओढले. "हा तिचा उजवा गुडघा."

आधी कुणाला काही कळलंच नाही. त्यांना सवय होती ती झिजलेल्या गुडघ्यांची, खडबडीत कडांची, अडकलेल्या हाडांची. आप्पांचा जुना एक्स-रे घरात होता, तोही तसलाच. हा मात्र निराळाच होता. दोन हाडं एकमेकांपासून अंतर राखून होती, आणि त्यांच्यामधून ती पट्टी जात होती, जाड, एकसारखी, हाडाच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत, कुठेही सांधा नाही, जोड नाही. घरातल्या कुणीही अख्खा गुडघा आजवर पाहिला नव्हता.

"हे असं असतं?" काकू हळूच म्हणाली.

"जन्मतः प्रत्येकाचं असंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता इथे बघा." त्यांनी बोट ठेवलं तिथे पट्टी नखाएवढ्या जागेत जराशी पातळ होती, पायऱ्यांच्या मधोमध दगड झिजतो तशी. "घसरलात तेव्हाची सुरुवात. एवढीच आहे. याच्या पुढे ती सरकू नये, हे आम्हाला बघायचंय. औषध मिळेल की पाणी, ते मी सांगू शकत नाही. मलाच कळणार नाही. टोचल्यावर तीन-चार दिवस सूज येऊ शकते. आणि उपयोग होईलच असं वचन मी देत नाही."

"माहीत आहे," गुण्या म्हणाली. तिने कागद पुढे ओढले आणि प्रत्येक पान वाचून सही करायला सुरुवात केली. वहिनी तिच्या खांद्यावरून वाचत होती. एका ओळीवर तिने बोट ठेवून डॉक्टरीणबाईंना अर्थ विचारला, त्यांनी सांगितला, मग तिने बोट उचललं.

नाना खुर्ची सरकवून दादाजवळ गेला. दादा पडद्याच्या अगदी पुढ्यात उभा होता, काठीवर दोन्ही हात. आयुष्यभर त्याने खाली वाकून, एक डोळा मिटून, ओळीच्या शेवटापर्यंत नजर नेऊन फरशी तपासली होती. आत्ताही त्याने मान तिरकी केली आणि एक डोळा मिटला. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो बघत गेला, सावकाश.

"नाना," तो म्हणाला, "इतकं सरस काम मी जन्मात केलं नाही."

"मीही नाही," नाना म्हणाला.

शेवटच्या पानावर सही झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद गोळा केले आणि पडदे उघडायला दोरीला हात घातला.

"बाई," दादा म्हणाला, "जरा वेळ राहू द्या."